जे (J) हळू चालतंय? आधी @ चा विसर्ग तपासा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला स्क्रीनचा फोटो पाठवतं. खाली ओळ ठरलेली: "दादा, कालपर्यंत पळत होतं, आज डेटा वाढला आणि बसलंच." फोटोत जे (J) या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या चार-पाच ओळी असतात. दहापैकी सात वेळा दोष एकाच घराण्यातला निघतो: दोन क्रियापदं (जे मध्ये फंक्शनला हेच म्हणतात) चुकीच्या जोडाने जोडलेली असतात, किंवा रँक (एका घासाला केवढा तुकडा घ्यायचा ते) नको तिथे चिकटलेला असतो. इतक्यांदा हे दुरुस्त केलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

ज्यांना जे भाषा माहीत आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय, तरी दोन शब्द. केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० च्या सुमारास आणलेली ही भाषा म्हणजे एपीएल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेची धाकटी बहीण. एपीएलच्या खास चिन्हांऐवजी साध्या कीबोर्डवरची चिन्हं, आणि फंक्शन-ऑपरेटर या शब्दांऐवजी चक्क व्याकरणाचे शब्द. फंक्शन म्हणजे क्रियापद, डेटा म्हणजे नाम, आणि @ सारखे जोड म्हणजे उभयान्वयी अव्यय. शाळेत "आणि, व, किंवा" असं घोकलेलं उभयान्वयी अव्यय पुढे प्रोग्रॅम बसवेल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी वर्गात जास्त लक्ष दिलं असतं.

एक सूचना. खालच्या कोडमध्ये मी नावं देवनागरीत दिली आहेत (तक्ता, युनिट, दर). जे भाषा ती स्वीकारत नाही. टंकताना तुमची रोमन नावं घाला. चिन्हं मात्र जशीच्या तशी.

लक्षणं

यातली एक-दोन जुळली तरी पुढे वाचा.

उत्तर बरोबर येतं, पण छोट्या डेटावर क्षणात आणि मोठ्यावर चहा पिऊन येईपर्यंत.

दहा लाख ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता रखडतो. तेच तीस लाख आकडे तीन ओळी आणि दहा लाख स्तंभ असे ठेवले तर झरझर होतात. काम तेवढंच, आकडे तेवढेच, फक्त आकार वेगळा. रँकच्या दोषाचं याहून खात्रीचं लक्षण मला माहीत नाही.

एक आकडा हवा होता, यादी आली. किंवा यादी हवी होती आणि चौकोनी तक्ता आला.

डेटा दुप्पट केला की वेळ चौपट होतो.

मेमरी भरते, आणि उत्तर उघडून बघितलं तर निम्मं शून्यांनी भरलेलं.

कोड "नीटनेटका" केला, तुकड्यांना छान नावं दिली, आणि तेव्हापासून हळू झाला. हे लक्षण ऐकून लोक हसतात, पण ते खरं आहे. चौथ्या तपासणीत येईल.

आत नेमकं काय होतं

जे मधल्या प्रत्येक क्रियापदाला रँक असतो. म्हणजे ते एका घासाला किती मितींचा तुकडा घेतं. वर्ग करणारं *: शून्य रँकचं आहे, एकेक सुटा आकडा घेतं. बेरीज करणारं +/ अनंत रँकचं. जे समोर येईल ते अख्खं घेतं. रँकप्रमाणे पाडलेल्या तुकड्याला सेल म्हणतात आणि ते तुकडे ज्या मांडणीत बसलेले असतात तिला फ्रेम. हजार गुणिले हजारच्या तक्त्यावर रँक १ लावला तर हजार सेल, रँक ० लावला तर दहा लाख.

आता जोड. @: (@ पुढे विसर्गासारखी दोन टिंबं) हा साधा आहे. उजव्या क्रियापदाचं काम पूर्ण होऊ द्या, आलेलं सगळं उत्तर एकदम डाव्याकडे द्या. नुसता @ तसा नाही. तो डाव्या क्रियापदाला उजव्याच्या रँकला बांधून टाकतो. उजवं जितक्या तुकड्यांवर चालेल तितक्या वेळा डावंही चालणार, त्या-त्या तुकड्याच्या उत्तरावर.

पंगतीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. @: म्हणजे वाढपी भाताचं भांडं भरून घेतो आणि पंगत संपेपर्यंत वाढत जातो. @ म्हणजे तोच वाढपी प्रत्येक पानासाठी स्वयंपाकघरात जातो, एक मूद घेऊन येतो, परत जातो. वाढायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, फरक फेऱ्यांचा. इंटरप्रिटरमध्ये (म्हणजे आपला कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) फेरी म्हणजे तुकडा वेगळा काढणं, त्याचा प्रकार आणि आकार तपासणं, उत्तराला जागा करणं, क्रियापदाला हाक मारणं, उत्तर जागेवर ठेवणं. एका बेरजेला नॅनोसेकंदही लागत नाही, आणि ही फेरी तिच्या कित्येक पट महाग असते.

एपीएलमधून आलेल्यांना हा चकवा जास्त बसतो. डायलॉग या एपीएलच्या आजच्या रूपामध्ये ∘ किंवा ⍤ ने दोन फंक्शनं जोडली तर तो जोड आपणहून तुकडे पाडत नाही; तुकडे हवे असतील तर ¨ लावावा लागतो किंवा ⍤ ला आकडा द्यावा लागतो. जे मध्ये मात्र साधा दिसणारा @ गुपचूप तुकडे पाडतो.

तपासणी शून्य: मोजा

फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, तरी नव्वद टक्के लोक ही गाळून थेट कोड बदलायला बसतात.

   तक्ता =: ? 1000000 3 $ 0
   10 (6!:2) '+/@:*:"1 तक्ता'
   10 (6!:2) '+/"1@:*: तक्ता'
   7!:2 '+/"1@:*: तक्ता'

6!:2 सेकंद देतं. डावीकडे 10 दिलं तर दहा वेळा चालवून सरासरी. 7!:2 त्या ओळीला किती बाइट मेमरी लागली ते सांगतं. वेळ एकदाच मोजून विश्वास ठेवू नका, पहिल्या फेरीत नेहमी काहीतरी जास्तीचं घडतं.

मग दोन प्रयोग करा. एक, ओळी दुप्पट करून वेळ बघा. दुप्पट झाला तर दोष फेऱ्यांचा असू शकतो. चौपट झाला तर दुसरी किंवा सातवी तपासणी आधी वाचा. दोन, आकार पालटून बघा: 1000000 3 च्या जागी 3 1000000, आणि लागू असेल तिथे अक्षही बदला. वेळेत मोठी तफावत दिसली तर रँकच.

आणि हो, 9!:14 '' चालवून आवृत्तीची ओळ वाचा. जुनी आवृत्ती असेल, किंवा प्रोसेसरला एव्हीएक्स-२ (एका सूचनेत अनेक आकडे हाताळायची सोय) येत असूनही तुम्ही त्याविना बांधलेली प्रत वापरत असाल, तर आधी ती बदला. कोडला हात न लावता फरक पडतो, आणि अशा वेळी माझ्यासारख्याला फोन करून फारसं काही मिळत नाही.

पहिली तपासणी: विसर्ग

कोडमधला प्रत्येक @, & आणि &. शोधा. त्यांच्यापुढे दोन टिंबं आहेत का? नसतील तर स्वतःला विचारा: उजवीकडच्या क्रियापदाचा रँक किती? नावापुढे बी-टिंब आणि शून्य लिहिलं की जे तीन आकडे देतं: एकपदी रँक (डेटा फक्त उजवीकडे असताना), मग द्विपदीचे (दोन्हीकडे डेटा असताना) डावा आणि उजवा. *: साठी ते 0 0 0 आहेत.

   +/@*: 3 4
9 16
   +/@:*: 3 4
25

पहिल्या ओळीत +/ प्रत्येक वर्गावर वेगळं चाललं. एका आकड्याची बेरीज म्हणजे तोच आकडा. हा दोष निदान दिसतो तरी. तसंच:

   +/&.*: 3 4
3 4
   +/&.:*: 3 4
5

वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या. विसर्ग विसरलात तर तीनचं तीन आणि चारचं चार.

द्विपदी वापरातही तेच. किती जागी दोन याद्या जुळतात ते मोजायचं तर +/@:= लिहा; +/@= लिहिलं तर एक-शून्यांची यादीच परत मिळते. यात वेगाचाही प्रश्न आहे. +/@:= ही जोडी इंटरप्रिटर एकत्र ओळखतो आणि मधली एक-शून्यांची यादी न बनवताच मोजतो. [: +/ = असं (तोच @: वेगळ्या लिखाणात) लिहिलंत तरी ओळखतो.

जास्त त्रास देणारा प्रकार पुढचा आहे. दोन्ही क्रियापदं शून्य रँकची असली, समजा वर्ग करून उणे करायचं, तर @ आणि @: दोन्हींनी उत्तर एकच येतं. चूक दिसतच नाही, फक्त वेळ जातो. अशा काही जोड्या इंटरप्रिटर ओळखतो आणि तुम्हाला सांभाळून घेतो, बाकीच्यांना नाही. मी त्या यादीवर विसंबत नाही. तुकडे पाडायचं कारण नसेल तर @: लिहायची सवय लावून घेतली, आणि पुढचे कितीतरी फोटो वाचले.

उलट, उजवं क्रियापद आधीच अनंत रँकचं असेल तर @ आणि @: मध्ये काहीच फरक नाही. +/@, हे त्यातलं. तिथे विसर्ग घालून काही सुधारणार नाही.

सगळ्या @ ची एका झटक्यात अदलाबदल मात्र करू नका. कोणीतरी मुद्दाम तुकड्यातुकड्यावर चालवण्यासाठी @ लिहिलेला असू शकतो. एकेक बदला, आणि जुनं-नवं उत्तर -: ने (दोन्ही जुळली तर १ देतं) ताडून बघा. १ आलं तर पुढे जा.

दुसरी तपासणी: कंसात अडकलेली ओळ

   +/ *: 3 4
25
   (+/ *:) 3 4
12 19
13 20

पहिली ओळ चालते. म्हणून कोणी तिच्यातला +/ *: उचलून नाव देतं, आणि तिथेच घात होतो. सुटी दोन क्रियापदं एकत्र आली की जे त्यांना हुक समजतं: डेटा डावीकडे, त्याचे वर्ग उजवीकडे, आणि मध्ये +/. द्विपदी +/ म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी बेरीज. दोन आकड्यांना चार घरं. दहा हजार आकड्यांना दहा कोटी घरं, म्हणजे आठ बाइटच्या हिशोबाने ८० कोटी बाइट. दहा लाख आकडे दिलेत तर तक्ता बनायच्या आधीच मेमरी संपल्याची तक्रार येईल.

वेळ चौपट होत असेल तर आधी इथे बघा. इलाज तोच, +/@:*: किंवा [: +/ *: . दोन सेकंदांचं काम.

तिसरी तपासणी: अवतरणचिन्ह कशाला चिकटलंय

रँक बदलणारं अव्यय म्हणजे " हे चिन्ह. ते डावीकडचं जेवढं मिळेल तेवढं पोटात घेतं.

   +/@:*:"1 तक्ता
   +/"1@:*: तक्ता

दोन्ही ओळी प्रत्येक ओळीच्या वर्गांची बेरीज देतात. पहिलीत रँक १ अख्ख्या जोडीला लागतो: प्रत्येक ओळ घ्या, वर्ग करा, बेरीज करा, पुढची ओळ. दुसरीत सगळ्या तक्त्याचे वर्ग एकदम होतात, मग +/"1 एकदम. दहा लाख ओळी आणि तीन स्तंभांवर पहिलीच्या दहा लाख फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत काम फक्त तीन आकड्यांचं. दुसरीत इंटरप्रिटरच्या लेखी दोनच मोठी कामं, कारण +/"1 सारख्या रूपात रँक मूळ क्रियापदाच्या आतच हाताळला जातो. + , { यांसारख्या मूळ क्रियापदांनाही हीच सोय आहे. म्हणून +"1 घाबरण्यासारखं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या लांबलचक क्रियापदाला "1 लावलं तर फेऱ्या मोजाव्याच लागतील.

इथवर वाचून "रँक वाईट" असा निष्कर्ष काढू नका. मीही काढला होता, आणि एकदा तोंडावर पडलो. हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचा तक्ता घ्या. सगळ्याचे वर्ग एकदम काढायचे तर मध्ये ८ कोटी बाइटचा दुसरा तक्ता तयार होतो, मुख्य मेमरीत लिहिला जातो आणि परत वाचला जातो. ओळीओळीने गेलं तर एका वेळी ८० हजार बाइट, जे प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) बसतात. फेऱ्या फक्त हजार. इथे "1 बाहेर लावलेली पहिली ओळच जिंकू शकते, आणि 7!:2 मध्ये तर तिची मेमरी स्पष्टपणे कमी दिसते. तेव्हा प्रश्न रँक आहे की नाही हा नाही. एका फेरीला पुरेसं काम मिळतंय का, हा आहे. तीन आकड्यांसाठी फेरी परवडत नाही, दहा हजारांसाठी परवडते. मधल्या आकारांसाठी शून्य क्रमांकाची तपासणी आहेच.

जाता जाता: "1 च्या लगेच पुढे आकडे लिहू नका. +/"1 3 4 मध्ये जे 1 3 4 हा एकच आकड्यांचा गट वाचतं आणि त्याला रँक समजतं. मध्ये ] टाका. याच्यापायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, ती कोणाची परत मिळायची नाही.

चौथी तपासणी: छान नावं

समजा +/ ला तुम्ही "बेरीज" असं नाव दिलं आणि मग बेरीज@, लिहिलं. वाचायला गोड. पण +/@, ही जोडी इंटरप्रिटर ओळखतो आणि तक्ता सपाट न करताच बेरीज करतो. बेरीज@, मध्ये त्याला फक्त एक नाव दिसतं, त्याच्या मागे +/ आहे हे जोडी बांधताना तो बघत नाही. खास वाट बंद, साधी वाट सुरू. आधी सपाट प्रत बनणार, मग बेरीज.

नावं काढून टाकायची गरज नाही. व्याख्येच्या शेवटी एफ-टिंब हे क्रियाविशेषण लावा. ते सगळी नावं उलगडून मूळ चिन्हं आत बसवतं, आणि जोडी पुन्हा ओळखली जाते. तोटा एकच: उद्या "बेरीज"ची व्याख्या बदललीत तर गोठवलेल्या क्रियापदाला ते कळणार नाही. म्हणून कोड रोज बदलत असेपर्यंत थांबा.

पाचवी तपासणी: "0 लावून झाकलेली जर-तर

इथून पुढे कोड पुन्हा लिहावा लागतो, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच वाचतो.

गोष्ट नेहमी अशी घडते. कोणी एका आकड्यासाठी क्रियापद लिहितं, आत "जर इतक्याहून जास्त असेल तर". एका आकड्यावर चालतं. मग यादी देतात. जे मधला जर यादीतला फक्त पहिला आकडा बघून निर्णय घेतो, आणि उत्तर चुकतं. कोणीतरी सांगतं, "शेवटी "0 लाव." लावतात, उत्तर बरोबर येतं, सगळे खूश. आता प्रत्येक आकड्यामागे एक फेरी, आणि फेरीत मूळ क्रियापद नव्हे तर अनेक ओळींचं लिहिलेलं क्रियापद, म्हणजे फेरी आणखी महाग. पायथनच्या नमपाय लायब्ररीतलं व्हेक्टराइझ वापरून "वेगवान केलं" म्हणणारे पाहिले असतील. तेही आतून फॉर-लूपच असतं. हे त्याचंच भावंड.

वीजबिलाचे टप्पे हे घराघरातलं उदाहरण. पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या, त्यापुढे चौथ्या. जर-तरने लिहायचं म्हणजे चार फांद्या. पण फांद्या हव्यात कशाला? दुसऱ्या टप्प्यात किती युनिटं पडली हे सांगायला एवढं पुरतं:

   (0 >. 200 <. -&100) 50 150 400
0 50 200

शंभर वजा करा, दोनशेच्या वर जाऊ देऊ नका, शून्याच्या खाली जाऊ देऊ नका. <. म्हणजे दोहोंतला लहान, >. म्हणजे मोठा. दोन्ही शून्य रँकची मूळ क्रियापदं, अख्ख्या यादीवर एका दमात चालणारी. जर नाही, फेरी नाही, " सुद्धा नाही.

चारही टप्पे एकत्र:

   टप्पे =: 0 >. 100 200 200 _ <."1 (युनिट -/ 0 100 300 500)
   टप्पे +/ .* दर

-/ ने प्रत्येक ग्राहकाच्या युनिटांतून चारही उंबरठे वजा झाले: ग्राहक तितक्या ओळी, चार स्तंभ. <."1 ने प्रत्येक ओळीला टप्प्यांच्या कमाल मर्यादा लागल्या (एकट्या _ चा अर्थ अनंत, शेवटच्या टप्प्याला मर्यादा नाही). मग +/ .* हा मॅट्रिक्स गुणाकार, ज्याच्यासाठी इंटरप्रिटरमध्ये वेगळा वेगवान कोड आहे. ४०० युनिटांच्या घराला 100 200 100 0 मिळतं. बेरीज करून बघा, ४०० च येते. इथे तक्ता मोठा होतो ही तक्रार खरी, पण लाख ग्राहकांना ३२ लाख बाइट म्हणजे काहीच नाही.

सर्वसाधारण युक्ती अशी: तुलना केली की एक आणि शून्य मिळतात, त्यांनी गुणा. पण दोन्ही फांद्या सगळ्यांसाठी मोजल्या जातात हे लक्षात ठेवा. एखादी फांदी फार महाग असेल, तर तुलनेच्या उत्तराने # वापरून फक्त लागणारे आकडे वेगळे काढा, त्यांच्यावर काम करा आणि } ने जागेवर परत बसवा.

सहावी तपासणी: शून्यांचं भरताड

तुकड्यातुकड्यावर चालवलं आणि प्रत्येक तुकड्याचं उत्तर वेगळ्या लांबीचं आलं, तर जे सगळ्यांना सर्वात लांब उत्तराएवढं करतं, आकडे असतील तर शून्यं घालून. १ ते १०,००० या प्रत्येक आकड्यापर्यंतची यादी रँक ० ने बनवली तर दहा हजार गुणिले दहा हजारचा तक्ता येतो, पुन्हा ते ८० कोटी बाइट. निम्मी शून्यं, आणि वरून ती शून्यं खरी की भरलेली हे नंतर कळत नाही. सरासरी काढली तर चुकीची.

उपाय दोन. तुकड्याचं उत्तर < ने पेटीत घाला, म्हणजे भरताड होणार नाही. किंवा याद्या बनवायच्याच कशाला, असं विचारा. बऱ्याचदा शेवटी त्यांची फक्त बेरीज हवी असते. पेट्या फुकट नाहीत, प्रत्येक पेटी मेमरीत वेगळी पडते. पहिला उपाय घाईचा, दुसरा खरा.

सातवी तपासणी: चढती बेरीज

+/\ म्हणजे चढती बेरीज, आणि ती वेगवान आहे, कारण +, *, <. वगैरेंसाठी जे मागचं उत्तर पुढे नेतं. तुमचं स्वतःचं क्रियापद / आणि \ यांच्या मागे लावलंत तर ही सवलत नाही. प्रत्येक लांबीच्या तुकड्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात. दहा हजार आकड्यांना सुमारे पाच कोटी हाका. शेवटून चालणाऱ्या /\. मध्ये मात्र कोणतंही क्रियापद असलं तरी मागचं उत्तर वापरलं जातं, म्हणजे दहा हजारांच्या आतच हाका. यादी |. ने उलटवा, /\. चालवा, परत उलटवा. डावं-उजवं बदललं म्हणून क्रियापदापुढे ~ लागेल. उत्तर तेच यायला मात्र क्रियापद बेरजेसारखं हवं, म्हणजे कंस कुठेही घातले तरी उत्तर न बदलणारं. एकदा कागदावर चार आकडे घेऊन करून बघा.

आठवी तपासणी: डेटाच आडवा पडलाय

शेवटी ठेवली कारण हात सगळीकडे लावावा लागतो. जे पहिल्या अक्षाला झुकतं माप देतं: +/ , {, # सगळी पहिल्या अक्षावर चालतात. तुमच्या कोडमध्ये जिथे तिथे "1 दिसत असेल, तर बहुधा डेटा चुकीच्या बाजूला साठवलाय. वाचताना एकदाच |: (ओळी-स्तंभांची अदलाबदल) करून ठेवा. दहा लाख गुणिले तीनचा तीन गुणिले दहा लाख झाला की ओळींची बेरीज म्हणजे तीन लांब याद्यांची बेरीज. पंगत एक, भांडी तीन. फक्त |: प्रत्येक हिशोबाआधी करू नका, त्याचाही खर्च असतो.

कुठे थांबायचं

इथवर येऊनही हळूच असेल तर जे मधला जेपीएम हा परफॉर्मन्स मॉनिटर चालवा आणि वेळ कुठल्या ओळीत जातोय बघा.

बहुतेक वेळ /: (क्रमवारी), %. (मॅट्रिक्सचा व्यस्त) किंवा +/ .* अशा एकाच मूळ क्रियापदात जात असेल तर थांबा. जोड आणि रँक यांत आता काही उरलेलं नाही. पद्धतच बदलावी लागेल, आणि त्यासाठी संख्यात्मक गणिताचा माणूस लागतो.

हिशोबच असा असेल की आजचं उत्तर कालच्यावर अवलंबून, तेही मर्यादा ओलांडली की वळण घेणारं (धरणाच्या रोजच्या पाणीपातळीसारखं: आलेलं पाणी, सोडलेलं पाणी, आणि भरलं की सांडवा), तर तो अख्ख्या यादीवर एकदम चालवायचा हट्ट सोडा. /\. किंवा फोल्ड पुरत नसेल तर तेवढा भाग सी मध्ये लिहून 15!:0 ने बोलवावा लागतो. सी येत नसेल तर हे स्वतः करू नका. 15!:0 ला प्रकार चुकीचा सांगितला तर ते चूक दाखवत नाही, अख्खं सत्र घेऊन कोसळतं, किंवा न कोसळता कचरा देतं. दुसरं जास्त वाईट.

@: आणि [: अशा दोन लिखाणांत अर्थ एकच असूनही त्याच डेटावर उत्तरं वेगळी आली, तर तो तुमचा दोष नाही. चालणारं सगळ्यात छोटं उदाहरण काढून जे बनवणाऱ्यांना कळवा, तोवर तो कोड वापरू नका.

आणि तो कोड पगार, बिलं, औषधाचं प्रमाण असलं काही ठरवत असेल, तर वेग वाढवण्याआधी जुनी उत्तरं फाइलमध्ये साठवा आणि ज्याची सही लागते त्या माणसाला शेजारी बसवा.

ज्याला बोलवाल त्याला एवढं द्या: 9!:14 ची ओळ, डेटाचा आकार ($ चालवून येतो तो), हळू ओळ, डेटा दुप्पट करण्याआधीचा आणि नंतरचा 6!:2 चा आकडा, आणि आकार पालटून आलेला तिसरा. हे सगळं मजकूर म्हणून पाठवा, फोटो नको. फोटोत विसर्ग दिसत नाही.